गॅल्व्हस्टन, न्यू लंडन की टेक्सास सिटी? विषय निवडताना

पुण्याहून भाचीचा फोन आला. एम.ए.च्या प्रबंधासाठी अमेरिकेतली एखादी जुनी दुर्घटना घ्यायची म्हणत होती. "मावशी, तू टेक्सासातच आहेस, तिथलीच सांग ना. सगळ्यात जास्त माणसं कशात गेली?" मी म्हटलं, आकड्यावरून विषय घेतलास तर सहा महिन्यांनी रडत फोन करशील. आधी कुठल्या घटनेचा कागद किती आणि कसला उरलाय ते बघ.

ह्यूस्टनला आल्यापासून जुन्या कागदांचा नाद मला लागलाय. तो नाद नसलेल्यांनाही उपयोग व्हावा म्हणून तिला जे सांगितलं ते जरा नीट लिहिते. तिच्यासमोर तीन घटना ठेवल्या: १९०० चं गॅल्व्हस्टनचं वादळ, १९३७ चा न्यू लंडनच्या शाळेतला स्फोट आणि १९४७ चा टेक्सास सिटीच्या बंदरातला स्फोट.

गॅल्व्हस्टनचं नाव सगळ्यांना आधी सुचतं. ह्यूस्टनहून तासाभराच्या अंतरावरचं ते बेट. कोकणाची आठवण आली की आम्ही तिकडे जातो आणि तिथलं मातकट पाणी बघून गप्प परत येतो. ८ सप्टेंबर १९०० ला बेटावरची सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून पावणेनऊ फुटांच्या आसपास होती आणि पाणी पंधरा फुटांच्या वर चढलं. मृतांचा आकडा ६,००० ते १२,००० च्या मध्ये कुठेतरी. बहुतेक ठिकाणी ८,००० लिहिलेला सापडेल. अमेरिकेत निसर्गाने इतकी माणसं एका फटक्यात दुसऱ्या कुठेच मारलेली नाहीत.

साहित्य म्हणाल तर ढीग. गावातल्या रोझेनबर्ग लायब्ररीत पत्रं, आठवणी, फोटो आहेत. एडिसनच्या कंपनीने अवशेषांचं चित्रीकरण केलं होतं, ते लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. वेधशाळेचे आयझॅक क्लाइन यांनी १८९१ मध्ये वर्तमानपत्रात लिहिलं होतं की गॅल्व्हस्टनला मोठ्या वादळाची भीती बाळगणं खुळेपणाचं आहे. नऊ वर्षांनी त्याच वादळात त्यांची पत्नी गेली. अशी गोष्ट हाताशी असल्यावर लिहायला कोणाला आवडणार नाही? म्हणूनच ती शेकडो जणांनी लिहून झाली आहे.

अडचण पुढे येते. टेक्सासात राज्यभर मृत्यूनोंदणी सुरू झाली १९०३ मध्ये, म्हणजे वादळानंतर तीन वर्षांनी. प्रेतं एवढी होती की बार्जवर लादून समुद्रात सोडली, ती लाटांबरोबर परत किनाऱ्याला लागली, मग ढिगाऱ्यांवरच जाळली. दाखला कोण लिहिणार? उरतात त्या वर्तमानपत्रात छापलेल्या मृतांच्या याद्या. त्यांत एकच माणूस दोन स्पेलिंगांनी दोनदा मरतो आणि कधीकधी जिवंत माणूसही यादीत सापडतो. शिवाय प्रेतं लादायला काळ्या लोकांना बंदुकीच्या धाकाने जुंपलं होतं. त्यांची स्वतःची पत्रं आणि आठवणी मात्र गोऱ्या घरांच्या तुलनेत फारच थोड्या हाती लागतात.

तरी एक चीज गॅल्व्हस्टनकडे आहे जी इतर दोघांकडे नाही. १९०० ची जनगणना झाली जून महिन्यात. वादळ सप्टेंबरातलं. म्हणजे तीन महिने आधी गणनावाला दारोदार फिरला होता: रस्ता, घर, घरातली माणसं, वयं, धंदे, कोण भाड्याने राहतं, सगळं लिहिलेलं. एक गल्ली धरायची, ती पानं काढायची आणि वादळानंतरच्या शहर-डिरेक्टरीत, म्हणजे रहिवाशांच्या नाव-पत्त्यांच्या छापील पुस्तकात, त्यातली कोणती नावं उरली ते ताडून बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण चाळीस घरांचं केलंत तरी आजवर कोणी न लिहिलेलं काहीतरी हाताला लागेल.

हीच जनगणना न्यू लंडनच्या बाबतीत दगा देते. पूर्व टेक्सासात तेलाचा मोठा साठा सापडला ऑक्टोबर १९३० मध्ये, गणना आटोपली होती एप्रिलात. तेलाच्या वासाने जी कुटुंबं नंतर तिथे आली ती १९३० च्या पानांवर भलत्याच गावांत आहेत, आणि १९४० च्या गणनेपर्यंत त्यांच्यातल्या बऱ्याच मुलांच्या नावाची ओळच उरली नव्हती.

१८ मार्च १९३७, दुपारचे तीन वाजून गेलेले. तेलाच्या पैशातून बांधलेली श्रीमंत शाळा. महिन्याचे तीनेकशे डॉलर वाचवायला शाळेने गॅसची विकतची जोडणी बंद करून तेलविहिरींच्या वाया जाणाऱ्या गॅसच्या नळाला जोड दिला होता. तो गॅस इमारतीच्या पोटाखाली साचत गेला. त्याला वास नव्हता, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. कार्यशाळेत यंत्राचं बटण दाबलं, ठिणगी पडली. तीनशेच्या आसपास जीव गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर टेक्सासने गॅसमध्ये वास मिसळणं सक्तीचं केलं. आपल्या सिलिंडरचा वॉशर सैल झाला की जो वास नाकात जातो, तो याच जातीच्या रसायनाचा.

इथे कागद थोडा, पण चोख. १९३७ चे मृत्यूदाखले आहेत, फॅमिलीसर्च या वंशावळ शोधायच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की त्यांतले बरेच घरबसल्या, फुकट दिसतात. मी एका रविवारी दुपारी बसले होते. दाखल्याचा नमुना मोठ्या माणसांसाठी केलेला: वय वर्षं-महिने-दिवसांत, विवाहित की अविवाहित, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात "विद्यार्थी". पुढचा दाखला, तोच दिनांक, पुन्हा "विद्यार्थी". वीसेक झाले आणि मी लॅपटॉप मिटून चहा टाकला.

न्यू लंडन येतं रस्क काउंटीत (काउंटी म्हणजे आपला जिल्हाच), पण दाखले फक्त तिथेच शोधलेत तर फसाल. जखमींना टायलरला नेलं होतं, ते स्मिथ काउंटीत येतं. तिथलं नवं हॉस्पिटल या स्फोटामुळे ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधी उघडलं. पुष्कळ आईबापांनी मुलांना आपापल्या मूळ गावी नेऊन पुरलं, म्हणून आकडा आजही पक्का नाही. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत तो फुगून कुठच्या कुठे गेला होता, तो तर धरूच नका. आणि गाव चाळीस वर्षं बोललंच नाही. वाचलेल्यांचा पहिला मेळावा भरला १९७७ मध्ये. शाळेसमोरच्या संग्रहालयात जे आहे त्यातलं बरंचसं तिथे जाऊनच बघावं लागतं. पुण्यात बसून हा विषय पुरा होणार नाही, आणि टेक्सासात राहणाऱ्याने तो दुसऱ्याला देऊ नये, असं माझं मत.

आता टेक्सास सिटी. मराठी माणसाला ही घटना ऐकताना आधी ऐकल्यासारखी का वाटते? १४ एप्रिल १९४४, मुंबईची व्हिक्टोरिया गोदी, फोर्ट स्टिकीन जहाज: कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच पोटात, आग, स्फोट, ६६ अग्निशामक जवान मृत. आपला अग्निशमन सप्ताह दरवर्षी १४ एप्रिललाच सुरू होतो तो त्यांच्यासाठी. बरोबर तीन वर्षं आणि दोन दिवसांनी, १६ एप्रिल १९४७ च्या सकाळी, ग्रँडकॅम्प या फ्रेंच जहाजावर आग लागली. पोटात दोन हजार टनांहून जास्त अमोनियम नायट्रेट, युरोपच्या शेतांसाठी निघालेलं खत. माल भिजू नये म्हणून पाणी न मारता, आग विझवायला कोठाराची झाकणं बंद करून आत वाफ सोडली. ९ वाजून १२ मिनिटांनी जहाज उडालं आणि धक्क्यावर उभं असलेलं गावचं अग्निशमन दल जवळपास सगळं गेलं. मध्यरात्र उलटल्यावर हाय फ्लायर हे शेजारचं जहाजही फुटलं.

मृतांचा हिशोब बघा: ओळख पटलेले ४०५, न पटलेले ६३, बेपत्ता ११३. बेरीज ५८१. गॅल्व्हस्टनला अशी बेरीज मांडताच येत नाही.

पण माझा कल या बाजूला आहे तो खटल्यामुळे. ८,४८५ लोकांनी थेट अमेरिकन सरकारवर दावा लावला, कारण खत सरकारी कारखान्यांतलं होतं. खटल्याचं नाव डेलहाइट विरुद्ध युनायटेड स्टेट्स. जिल्हा न्यायालयात लोक जिंकले, अपिलात हरले, १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४ विरुद्ध ३ असे पुन्हा हरले. शेवटी १९५५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, वेगळा कायदा करून भरपाई दिली. पैसे उशिरा आणि कमी मिळाले, पण अभ्यासकाला घबाड मिळालं: खत किती गरम असताना भरलं, पिशव्या कागदी का होत्या, त्यांवर धोक्याची सूचना का नव्हती, हे सगळं शपथेवर विचारलेलं आणि नोंदलेलं. वर्तमानपत्र काय झालं ते सांगतं. त्यामागचा निर्णय कोणी आणि का घेतला, हे साक्षीदाराला उलटतपासणीत धरल्याशिवाय सहसा बाहेर येत नाही. निकालपत्र घरबसल्या वाचता येतं. गावच्या मूर मेमोरियल लायब्ररीने फोटो आणि कागद ऑनलाइन ठेवलेत. आणि त्या काळची वर्तमानपत्रं "पोर्टल टू टेक्सास हिस्टरी" या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात, तारखेनुसार शोधून. मुंबईच्या स्फोटावर युद्धामुळे सेन्सॉरची झाकणं होती. दोन्ही शेजारी ठेवून बघायला तर पुण्यातल्या विद्यार्थिनीइतकं सोयीचं कोणीच नाही.

खोट एवढीच की खटल्याचे कागद वकिली भाषेत आहेत आणि त्यांत माणसं "वादी" होऊन जातात. रडू येईल असं काही त्यात फारसं सापडत नाही. ज्याला घराघरातली गोष्ट लिहायची आहे त्याने गॅल्व्हस्टनची ती एक गल्लीच धरावी.

भाचीने दोन दिवस विचार केला आणि टेक्सास सिटी घेतलं. निकालपत्र उघडल्यावर तिचा पहिला मेसेज, "मावशी, बहुमताचा निकाल संपतच नाही गं." मी लिहिलं, तो राहू दे बाजूला, आधी न्यायमूर्ती जॅक्सन यांचं विरोधी मत वाच.