साडेचार किलोवॅटचा शॉवर, आठ महिने वापरून

शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं. गेल्या दिवाळीपर्यंत न्हाणीत तांब्याचा बंब पेटायचा, घाईच्या दिवशी बादलीत रॉड. रॉड चालू असताना पाण्याला हात लागला की मुंग्या यायच्या. आई म्हणायची, "चप्पल घाल की पायात." एवढ्यावर आम्ही वर्षानुवर्षं निभावलं.

मग विजेचा शॉवर घेतला, म्हणजे धार वाहतानाच पाणी तापवणारा. आधी त्याच्याबद्दल. साडेचार किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला जवळपास 20 अँपियर. मिनिटाला तीन लिटर धार ठेवली तर पाणी साधारण 21 अंशांनी तापतं. डिसेंबरात तेवढं पुरलं, पण धो धो पाणी हवं असेल तर नाद सोडा. दहा मिनिटांना पाऊण युनिट जातं. वाईट नाही.

डोक्याला ताप झाला तो भिंतीच्या आतल्या कामाचा. पहिला वायरमन 16 अँपियरचा जुना सॉकेट बघून म्हणाला, "ह्यावरच जोडून टाकू की." सॉकेट उघडायला लावला, तर अर्थच्या पिनला हिरवी वायरच नाही. न्यूट्रलवरून छोटा तुकडा घेऊन तिथं अडकवलेला. अशा जोडणीत दिवा लावून बघितला तरी सगळं झकास दिसतं. पण मागं कुठं न्यूट्रल तुटला की यंत्राच्या धातूवर करंट येऊन बसतो, आणि त्याखाली आपण ओल्या अंगानं उभे! त्याला चहा पाजून वाटेला लावला.

दुसरा परवानाधारक शोधला. त्यानं मीटरच्या बोर्डापासून 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वेगळी लाइन ओढली, 25 अँपियरचा एमसीबी (जादा करंट झाला की आपोआप पडणारा स्विच) बसवला. प्लग नाहीच, न्हाणीच्या बाहेर डबल पोल स्विच, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात. परड्यात अर्थिंगचा नवा खड्डा, आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट कुठं गळायला लागला की लगेच लाइन तोडणारा स्विच. "एमसीबी हाय की, आता हे आणि कशाला?" वडिलांचा सवाल. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. 25 अँपियर म्हणजे 25,000 मिलिअँपियर. माणूस त्याच्या शंभराव्या हिश्शाहून कमी करंटनंही जातो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. या सगळ्याचं बिल शॉवरच्या किमतीपेक्षा जास्त झालं. आठवडाभर वडील माझ्याशी धड बोलले नाहीत.

मे महिन्यात सकाळी शॉवर लावला की मिनिटभरात आरसीसीबी ट्रिप व्हायला लागला. घरातले पंखे बंद, आरडाओरडा. "ते डबडं काढून टाक आधी." शॉवरची लाइन बंद ठेवून बाकी सगळं चालवलं तर काही होत नव्हतं. शॉवर खोलला. आमच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर कॉइलवर चढला होता आणि तिचं आवरण एका जागी तडकलं होतं. करंट पाण्यात उतरत होता आणि तोवर आम्हाला साधी मुंगीसुद्धा आली नव्हती. कॉइल वॉरंटीत बदलून मिळाली, पण अकरा दिवसांनी. तेवढे दिवस पुन्हा बंब, आई खूश.

आता महिन्यातून एकदा आरसीसीबीचं 'टी' बटण दाबून तो पडतोय का बघतो. बोअरचं पाणी असेल तर कॉइल वर्षातून एकदा तरी खोलून बघा. माझी एक चूक झाली: आरसीसीबी अख्ख्या घराला एकच घेतला. शॉवरच्या लाइनला वेगळा घेतला असता, तर मे महिन्यात पंखे तरी चालू राहिले असते.