कोमोडसच्या कांस्याच्या पदकाची प्रतिकृती: कोरीवकाम अप्रतिम, धातू मात्र चुकला

रोमन सम्राटांच्या पदकांच्या प्रतिकृती मी आवडीने जमवते. ही ताजी खरेदी म्हणजे इ. स. १९२ चं सम्राट कोमोडसचं पदक. व्यास ४० मिलिमीटर, वजन पन्नासेक ग्रॅम; म्हणजे त्या काळच्या सेस्टर्शियस नाण्याच्या जवळजवळ दुप्पट. हातात घेताच भारदस्त वाटतं.

दर्शनी बाजूवर तर जीव जडतो. सम्राट इथे हर्क्युलिस, म्हणजे पुराणातला महाबली वीर, झाला आहे: डोक्यावरून ओढलेलं सिंहाचं कातडं, गळ्याशी पंजांची गाठ, त्यात जड पापण्यांचा, कुरळ्या दाढीचा चेहरा. सिंहाची आयाळ आणि माणसाची दाढी यांचा पोत वेगवेगळा ठेवलाय. तिरप्या उजेडात धरून पाहाच.

मागच्या बाजूला हर्क्युलिस बैलजोडी जुंपून नांगरतोय. रोमचा पहिला संस्थापक रोम्युलस याने नांगराच्या तासाने शहराची हद्द आखली, अशी कथा आहे. कोमोडसला रोमचा नवा संस्थापक व्हायचं होतं. शहराला त्याने स्वतःचं नावही दिलं. काठाने फिरणाऱ्या कोरीव लेखात त्याचं सातवं कॉन्सलपद (रोमचं सर्वोच्च वार्षिक पद) आणि ट्रिब्यूनच्या अधिकाराचं (सम्राटाकडे असलेला, वर्षागणिक मोजला जाणारा अधिकार) अठरावं वर्ष येतं, म्हणजे डिसेंबर १९२. अशी पदकं नववर्षाची भेट म्हणून दिली जात. हा नववर्षाचा दिवस कोमोडसने पाहिलाच नाही. ३१ डिसेंबरला त्याचा गळा आवळून खून झाला. हे सगळं ज्या आकड्यावरून कळतं, तो अठराचा आकडाच इथे बोथट झालाय, याचं फार वाईट वाटतं. मूळ पदकं दोन ठशांमध्ये चकती ठेवून घणाने ठोकत. ही ओतीव आहे, त्यामुळे अक्षरांना धार नाही आणि कडेला साच्याची शिवण दिसते.

धातूचं दुःख त्याहून मोठं. कोमोडसची कित्येक पदकं दोन धातूंची असत: मध्ये लालसर तांबं, भोवती पिवळं पितळी कडं. बाजारातल्या नाण्यापेक्षा ही भेट वेगळी आहे, हे त्या दोन रंगांवरूनच कळायचं. इथे सगळीकडे एकच कांस्य, वर रसायनाने आणलेली हिरवट कळा. विक्रेत्याने ‘हुबेहूब’ म्हणायला नको होतं.

रोमच्या सिनेट या सभेच्या हुकुमाची एस. सी. अक्षरं तांब्या-पितळेच्या नाण्यांवर असतात, पदकांवर सहसा नसतात. ती इथेही नाहीत, हे अचूक. कडेवर प्रतिकृतीची खूणही ठळक आहे.

चेहऱ्यासाठी जरूर घ्या. काठावरचा लेख वाचायचा असेल, तर बर्लिनच्या नाणेसंग्रहालयाची ऑनलाइन सूची मोफत आहे, तिथे अस्सल रोमन पदकांची छायाचित्रं पाहा. आणि कारागिराला विनंती: इतकी सुंदर दाढी कोरणाऱ्या हाताने एकदा पितळी कडंही करून पाहावं.