जुन्या बाजारातली सोव्हिएत ८×३०: घ्यावी का, आणि घरी किती उघडावी

पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी किंवा बुधवारी, काळी, जड, रेक्झिन गुंडाळलेली, 'तेंतो' किंवा 'बीपीसी' अशी सोव्हिएत खूण कोरलेली ८×३० (आठपट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं) दुर्बीण दिसली तर थांबून बघाच. बिघडलेली असली तरी घरी दुरुस्त होण्याची शक्यता हिच्याइतकी फार कमी दुर्बिणींत असते. सगळं स्क्रूंवर आणि आट्यांवर बसवलेलं असतं, डिंकावर नाही. अंगावरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा बनावटीचं वर्ष सांगतात. शेजारी लालभडक भिंगांची नवी स्वस्त दुर्बीण ठेवलेली असेल, तर तिच्या नादी लागू नका.

चित्र मधोमध अतिशय रेखीव, कडांना मऊ, आणि थोडं पिवळसर. तो पिवळेपणा काचेचा आणि लेपाचा आहे, पुसून जाणार नाही. डोळ्यापाशी येणारा प्रकाशाचा गोल पावणेचार मिलिमीटरचा, म्हणजे पुण्याजवळ कवडीपाटला सकाळच्या उन्हात पक्षी बघायला भरपूर. रात्रीच्या आकाशासाठी मात्र ७×५० शोधा.

विकत घेण्याआधीची तपासणी महत्त्वाची, कारण कोणता दोष घरी निघतो आणि कोणता नाही हे तिथेच ठरतं. मोबाइलचा टॉर्च मागून धरून पुढच्या भिंगातून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. ती निघते, पण खूप वर्षं राहिली असेल तर काचेवर कोरलेला डाग राहतोच. सरसकट धुरकटपणा बहुतेक वेळा वाळलेल्या ग्रीसच्या वाफेचा असतो, तो सहज निघतो. पुढच्या भिंगाच्या कडेला इंद्रधनुषी पट्टे किंवा पिसासारखी नक्षी असेल तर दोन काचांमधला चिकट थर सुटलाय. तिथे सौदा सोडा. मग दुर्बीण डोळ्यांपासून हातभर लांब धरून नेत्रिकांमधले (डोळ्याकडच्या भिंगांमधले) प्रकाशगोल बघा. एखादा गोल एका बाजूने कापल्यासारखा दिसला तर प्रिझम जागेवरून सरकलंय, म्हणजे दुर्बीण पडलेली आहे. शेवटी दूरची विजेची तार बघा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून मागे न्या. तार दोन ठिकाणी, एक वर एक खाली अशी फुटली तर दोन्ही नळ्यांची एकमेकींशी जुळणी बिघडली आहे. आडवा फरक डोळे बराच सांभाळून घेतात, उभा जवळजवळ नाही. दहा मिनिटांत डोकं धरतं.

सामान फार नाही: पातळ, नीट घासलेल्या टोकाचे चपटे स्क्रूड्रायव्हर, भिंगांची कडी फिरवायचा दोन टोकांचा लेन्स स्पॅनर, हवेचा फुगा, लेन्स टिश्यू, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चिमूटभर लिथियम ग्रीस. हत्यारं बोहरी आळीत, अल्कोहोल तापकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे विचारा.

फोकसचं चाक दगडासारखं असेल तर कारण बहुधा एकच, आट्यांतलं जुनं ग्रीस. नेत्रिकांचा पूल वर काढताना आटे नेमके कुठे सुटतात तिथे मार्करने खूण करा. हे आटे एकाहून जास्त सुरुवातींचे असतात. चुकीच्या सुरुवातीला बसवले तर चाक फिरतं, पण दूरचं दृश्य स्पष्टच होत नाही. जुनं ग्रीस लायटरच्या पेट्रोलने काढा; रॉकेल वापरू नका, ते तेलकट थर सोडतं. नवीन ग्रीस अगदी पातळ लावा. फवाऱ्याचं तेल अजिबात नको, ते महिन्याभरात पसरून भिंगांवर बसतं.

अडकलेलं कडं पकडीने फिरवलं तर ॲल्युमिनियम लंबगोल होतं, मग ते कधीच निघत नाही. हेअर ड्रायरची ऊब आणि आट्यांवर अल्कोहोलचा एक थेंब देऊन रबरी हातमोज्याने फिरवा.

आता खरी धोक्याची जागा. पुढचं भिंग विकेंद्री, म्हणजे मध्य एका बाजूला सरकलेल्या कड्यांत बसवलेलं असतं. ही कडी एकमेकांत फिरवून कारखान्यात जुळणी केलेली असते. म्हणून काही सैल करण्याआधी भिंगाची खोबण, बाहेरचं कडं आणि नळी यांच्यावरून सलग रेघ मारा. ही रेघ न मारता उघडलेली दुर्बीण दोन चित्रं दाखवणार, हे धरून चाला. प्रिझम शक्यतो काढू नका, वरून पुसता आलं तर तेवढ्यावर थांबा. काढावंच लागलं तर घासलेल्या बाजूवर पेन्सिलीने डावं-उजवं आणि दिशा लिहा, पट्टीखालचे कागदाचे किंवा बुचाचे तुकडे तसेच परत ठेवा आणि पट्टी हलकीच आवळा. जास्त आवळल्यास काचेवर ताण येतो, आकाशातला तारा ठिपक्याऐवजी रेघेसारखा दिसतो आणि कधी कोपरा उडतो. बुरशीला ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात, दोन-तीन मिनिटं. मग डिस्टिल्ड वॉटर, शेवटी अल्कोहोल. खिडकी उघडी ठेवा.

जुळणीसाठी दुर्बीण तिपाईवर घट्ट बांधा. गच्चीवरून सिंहगडाचा टीव्ही टॉवर दिसत असेल तर त्याहून चांगलं लक्ष्य नाही: उभं, बारीक आणि पुरेसं दूर. पुढच्या भिंगाची विकेंद्री कडी एका वेळी अगदी केसभर फिरवा. सूर्याच्या दिशेने कधीच नको.

एक मर्यादा आधीच माहीत असू द्या. अशी घरगुती जुळणी बिजागराच्या एकाच कोनाला, म्हणजे तुमच्याच डोळ्यांमधल्या अंतराला लागू पडते. घरातल्या दुसऱ्या माणसाने दुर्बीण उघडून-मिटून घेतली की चित्र पुन्हा फुटू शकतं. सगळ्या अंतरांना चालेल अशी जुळणी करायला बिजागराचा अक्ष आणि दोन्ही नळ्या समांतर आणाव्या लागतात, आणि त्यासाठी कॉलिमेटर, म्हणजे समांतर किरण देणारं जुळणीचं यंत्र हवं. एकट्याने वापरायची असेल तर घरची जुळणी पुरते. सहलीत दहा हातांतून फिरणार असेल तर जुळणी बिघडलेली दुर्बीण घेऊच नका, बुरशीवाली घ्या.

दुरुस्तीनंतर जून ते सप्टेंबर ती कातडी केसमध्ये ठेवू नका. कातडं ओल धरतं. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल, आणि जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर वाळवून परत डब्यात.