सोनोग्राफी: मोजक्या वेळा की दर महिन्याला?

मोठ्या जाऊबाईंच्या फाइलमध्ये आठ सोनोग्राफ्या आहेत, माझ्या फाइलमध्ये तीन. दोघींचीही बाळं ठणठणीत, त्यामुळे यावरून काहीच सिद्ध होत नाही. पण आता धाकट्या जावेला दिवस गेलेत आणि ती विचारतेय, मी किती करू?

सासूबाईंना धास्ती 'किरणां'ची. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतातच. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी असतात. 1958 साली ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी याबद्दल पहिल्यांदा लिहिलं, आणि एवढ्या वर्षांत साध्या सोनोग्राफीने बाळाला इजा होते असं सिद्ध झालेलं नाही. लहरींनी आतला भाग किंचित तापू शकतो, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत कारणाशिवाय डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) लावत नाहीत. निव्वळ हौसेखातर लांबलचक थ्रीडी व्हिडिओ काढणं मात्र मला पटत नाही.

खरा प्रश्न कोणती सोनोग्राफी कशासाठी, हा आहे.

पहिल्या तीन महिन्यांतली सोडू नये. गर्भ गर्भाशयातच आहे ना, ठोके आहेत ना, एक की जुळं, हे कळतं. शिवाय बाळाच्या लांबीवरून दिवस ठरतात आणि त्यात चूक झालीच तर पाच-सात दिवसांची. तेच दिवस आठव्या महिन्यात ठरवले तर तीन आठवड्यांपर्यंतही चूक होऊ शकते. जाऊबाईंच्या फाइलमध्ये प्रसूतीच्या तीन वेगवेगळ्या तारखा आहेत, आणि दर वेळी घरात नवा हिशेब! खरी धरायची ती पहिल्या रिपोर्टची. ती पक्की असली की 'दिवस उलटून गेले' म्हणून उगाच कळा आणवण्याची वेळही कमी येते.

दुसरी पाचव्या महिन्यातली, 18 ते 20 आठवड्यांची. मेंदू, पाठीचा कणा, हृदय, मूत्रपिंडं एकेक करून बघतात. हिची वेळ पाळायला हवी, कारण गंभीर दोष निघाला तर खात्री करायला आणि निर्णय घ्यायला अवधी लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर गर्भपाताच्या कायद्यात 24 आठवड्यांपुढे प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं. 'सातव्यात बघू' म्हणणं इथे महागात पडतं. मात्र रिपोर्ट 'नॉर्मल' म्हणजे हमी नव्हे. हृदयाचे काही दोष यातूनही सुटतात. आणि 'वार (प्लॅसेंटा) खाली आहे' वाचून अंथरूण धरू नका. बहुतेकींची वार गर्भाशय वाढताना वर सरकते. 32 आठवड्यांना पुन्हा बघतात.

राहिल्या दर महिन्याच्या. जागतिक आरोग्य संघटना 24 आठवड्यांच्या आत एक सोनोग्राफी सुचवते. अमेरिकेत 15 हजारांवर बायकांचा अभ्यास 1993 मध्ये छापून आला. सरसकट सोनोग्राफी करूनही बाळांची तब्येत किंवा जगण्याचं प्रमाण सुधारलं नव्हतं. शेवटच्या महिन्यांत अंदाजे वजनही 10-15 टक्क्यांनी चुकतं: तीन किलो लिहिलंय म्हणजे बाळ अडीचचं असेल किंवा साडेतीनला टेकलेलं. नवव्या महिन्यात जाऊबाईंच्या रिपोर्टवर 'मानेभोवती नाळेचा एक वेढा' असं आलं. दोन रात्री घरात कोणी नीट झोपलं नाही. पुढे बाळंतपण सरळ झालं, सुईणबाईंनी वेढा बोटाने सोडवला. असे वेढे कितीतरी बाळांना असतात. ते कळून आमच्या हाती लागला तो फक्त घोर.

पण बीपी, साखर, जुळं, आधीचं मूल पोटात नीट न वाढलेलं, किंवा पोटाची वाढ कमी वाटणं, यांपैकी काही असेल तर माझा हिशेब बाजूला ठेवा. तिथे ग्रोथ स्कॅन (बाळाची वाढ बघणारी सोनोग्राफी) आणि डॉप्लर खरोखर जीव वाचवतात, मग आठ झाल्या तरी चालतील.

खर्चाची अडचण असेल तर दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. ओळखपत्र न्या, गर्भलिंगनिदान-बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरावा लागतो. मुलगा की मुलगी विचारू नका, तो गुन्हा आहे.

धाकटीला मी सांगितलंय: दोन ठरलेल्या कर, तिसरी सुचवली तर 'यात काय बघायचंय आणि काही निघालं तर पुढे काय करणार?' असं डॉक्टरांना विचार. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.