कूलंटची कळकट बाटली : लिंबूसत्व, ऑक्झॅलिक, डिशवॉशरची वडी आणि तांदूळ, कोण किती कामाचं

गाडीच्या इंजिनाला थंड ठेवणारं कूलंट ज्या बाटलीत भरतात, तिच्यात ते किती आहे हे बाहेरून बघून कळत नसेल, तर ती बाटली धुवायला झाली. मिन आणि मॅक्सच्या रेघांमधलं पाणी दिसावं म्हणून तर ती अर्धपारदर्शक असते. इंजिन साफ करायचे म्हणून जे स्प्रे विकले जातात ते बाहेरचा तेलकट राप छान उतरवतात, पण डाग आत असतो आणि तिथे त्यांचा काही उपयोग नाही. आतल्या डागासाठी लोक ज्या पाच-सहा वस्तू वापरतात त्यांचा हा हिशोब. निकाल आधीच सांगायचा तर लिंबूसत्व (सायट्रिक ॲसिड) दहापैकी नऊ, ऑक्झॅलिक आठ, डिशवॉशरची वडी सात पण वेगळ्या डागासाठी, आणि टॉयलेट क्लीनर शून्य.

पण वस्तू निवडण्याआधी डाग ओळखावा लागतो. टॉर्चचा प्रकाश मागून टाका. पातळीच्या रेघेपाशी विटकरी कडं आणि तळाशी तशीच बारीक पूड दिसली तर तो गंज. इंजिनाचा बीडाचा (ओतीव लोखंडाचा) ब्लॉक किंवा लायनर, पोलादी प्लग आणि नळाच्या पाण्यावर चालवलेली दोन-तीन वर्षं, यातून तो येतो. पांढरट, नखाने खरवडल्यावर भुकटी होणारा थर म्हणजे क्षार; बोअरच्या पाण्याची देणगी. बोटाला बुळबुळीत लागणारा तपकिरी चिकटा म्हणजे जुन्या कूलंटचा गाळ, किंवा दोन जातींचे कूलंट एकत्र झाल्याचा परिणाम. कूलंटच्या रंगावर इथे भरवसा ठेवू नये, हिरवा-लाल हा नुसता रंग असतो, जात डब्यावर लिहिलेली असते. आणि दुधाळ कॉफीसारखा लगदा दिसला तर धुणं बाजूला ठेवा. कूलंटमध्ये तेल उतरतंय, हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेडमधलं सील) किंवा ऑइल कूलर तपासायला हवा. बाटली चकचकीत केली तरी आठ दिवसांत ती पुन्हा तशीच होणार.

आणखी एक प्रकार हा मुळी डागच नाही. सगळी बाटली आतून-बाहेरून एकसारखी पिवळी, मधासारखी झाली असेल तर ते उष्णतेने प्लास्टिकच बदललेलं आहे. कुठल्याही पावडरीने ते परत पांढरं होत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचं क्रीम लावून उन्हात ठेवायची युक्ती जुन्या कॉम्प्युटरच्या एबीएस प्लास्टिकवर चालते. ही बाटली बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, तळाशी 'पीपी' असा छाप असतो, आणि तिच्यावर त्या खर्चाचं चीज होत नाही. अशा बाटलीच्या जोडाजवळ आणि नळीच्या तोटीच्या मुळाशी केसासारख्या तडा शोधा. एक जरी दिसली तरी नवी आणा.

बाटली गाडीवर असताना धुणं हा पहिला आणि सगळ्यात महागात पडणारा शॉर्टकट. ॲसिड असो की सोडा, तो नळीतून रेडिएटरच्या ॲल्युमिनियमपर्यंत पोचतो. बाटली काढाच. इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी राहिलेली गाडी उत्तम. झाकण रेडिएटरवर असलेल्या गाड्यांत बाटलीला दाब नसतो, एक नळी आणि एखाद-दुसरा दहाच्या पान्याचा बोल्ट किंवा नुसती खाच, पाच मिनिटांचं काम. दाबाचं झाकण बाटलीवरच असेल तर दोन-तीन नळ्या आणि कधी लेव्हल सेन्सरही असतो. क्लॅम्प पक्कडीने दाबून मागे सरकवा, नळी ओढू नका. आधी जागेवर पिळून सुटी करा, मग काढा. सरळ ओढली की जुनी तोटी मुळातून मोडते आणि तिथे कुठलाही गोंद टिकत नाही. निघालेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरा. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी; अंगणातल्या भांड्यात राहिलं तर कुत्र्या-मांजराच्या जिवावर बेततं. गटारात ओतायचं नाही.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या काही टाक्यांत सिलिकेटची, म्हणजे कूलंटमध्ये गंजरोधक हळूहळू सोडणारी, छोटी पिशवी असते. ती दिसली तर पुढचं काहीच करू नका, टाकी साध्या डिस्टिल्ड वॉटरने खंगाळा किंवा बदला.

आता वस्तूंकडे. कुठलीही वापरा, त्याआधी कोमट पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचे दोन चमचे घालून बाटली धुवून घ्यायची. ही पायरी गाळणाऱ्यांचं ॲसिड "चालत नाही". ते चालतं, पण तेलाच्या पापुद्र्याखालच्या गंजाला भिडतच नाही.

लिंबूसत्व किराणा दुकानात किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळतं. लिटरला ५० ग्रॅम, पाणी साधारण ६० अंश, म्हणजे बोट धरवणार नाही इतकं गरम. बाटली गळ्यापर्यंत भरायची, कारण कडं वरच्या बाजूला असतं आणि अर्धी भरलेली बाटली नेमकं तेवढंच सोडते. तोट्या रबरी बुचाने किंवा जुन्या नळीचा तुकडा दुमडून बंद करा. चार ते सहा तासांत पाणी पिवळसर होत जातं, कड्यापासून विटकरी धागे सुटून तळाला बसताना दिसतात. पाणी गढूळ झालं आणि डाग राहिला तर तेच पाणी आणखी ठेवून फायदा नाही, ताजं करून दुसरी फेरी द्यावी. गंज आणि क्षार दोन्हींवर चालणारी, सांडली तरी धावाधाव करायला न लावणारी दुसरी वस्तू या यादीत नाही. एक गुण कापला तो वेळासाठी: जुनाट, काळपट गंजाला दोन दिवस खाते.

ऑक्झॅलिक ॲसिड फरशी पॉलिशवाल्यांच्या दुकानात पांढऱ्या खड्यांच्या रूपात मिळतं. गंजावर लिंबूसत्वापेक्षा जोरकस: लिटरला ३० ग्रॅम, गरम पाणी, एक-दोन तासांत काम. पण ते विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा लागतोच, पूड उडवायची नाही, आणि स्वयंपाकघरातलं भांडं त्याला द्यायचं नाही. आणखी एक खोड आहे जी पाकिटावर लिहिलेली नसते. बोअरच्या जड पाण्यात ते मिसळलं की कॅल्शियम ऑक्झॅलेटची पांढरी साय तयार होते, ती पाण्यात विरघळत नाही आणि बाटलीच्या आतल्या भिंतीवर बसते. लोकांना वाटतं नवा डाग पडला. म्हणून हे आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यातच घालावं, आणि क्षाराचा थर असेल तर आधी लिंबूसत्वाने तो काढून घ्यावा.

डिशवॉशरच्या वडीचा गुणधर्म उलटा. तिच्यात सोडा आणि ऑक्सिजन सोडणारं परकार्बोनेट असतं, त्यामुळे बुळबुळीत गाळ, शेवाळ, तेलाचा राप यांवर ती झकास चालते. गंजावर जवळपास नाही. लिटरला एक वडी, पाणी ६० अंश, रात्रभर. झाकण घट्ट लावायचं नाही, आत वायू तयार होत असतो. कवळी साफ करायच्या गोळ्या याच जातीच्या, पण त्या एका ग्लासाच्या मापाच्या. बाटलीला आठ-दहा लागतात आणि हिशोब बसत नाही.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र ओतून फेस बघणं ही करमणूक आहे. दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते किंचित खारट पाणी. झाकण लावून हलवलं तर बाटली फुटण्याची सोय तेवढी होते.

घासण्यासाठी आत ब्रश जात नाही, म्हणून तांदूळ. साध्या, आतून मोकळ्या बाटलीत दोन मुठी तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून पाच मिनिटं खळखळवलं की सुटलेला गंज निघून येतो. आत कप्पे असलेल्या टाकीत मात्र तांदूळ नकोच. दहा दाणे कोपऱ्यात राहतात, फुगतात, आणि पुढे हीटरच्या बारीक नळीत जाऊन बसतात. तिथे खडे मीठ वापरा: १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्याहून बरंच जास्त, म्हणजे २०० ग्रॅम घातलं की उरलेले खडे घासायला शिल्लक राहतात. काम झाल्यावर भरपूर पाणी घातलं की सगळे विरघळून जातात, मागे काही उरत नाही. मिठातलं क्लोराइड ॲल्युमिनियमचा वैरी असल्याने पाच वेळा खंगाळणं सक्तीचं.

टॉयलेट क्लीनर गंज दहा मिनिटांत उतरवतो हे खरं. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. सेन्सरच्या पिना आणि क्लॅम्प खाऊन टाकतं, वर त्याचा घट्टपणा आणि रंग कोपऱ्यांतून जाता जात नाही. ब्लीचने गंजाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो. आणि या दोघांची गाठ पडली तर क्लोरीन वायू निघतो, हे काम बहुधा बंद बाथरूममध्ये चालू असतं. पेट्रोल आणि थिनरने पॉलिप्रॉपिलीन फुगतं, तेही नको.

ॲसिडनंतर लिटरला एक मोठा चमचा खायचा सोडा घालून बाटली दहा मिनिटं भरून ठेवा, मग चारदा साध्या आणि शेवटी एकदा डिस्टिल्ड पाण्याने धुवा. ॲसिड उरलंय का हे बघायला शेवटच्या पाण्यात चिमूटभर सोडा टाका. फसफसलं तर पुन्हा धुणं आलं.

वायपरच्या पाण्याच्या टाकीची तक्रार वेगळी. तिथे गंज नसतो, शेवाळ आणि चिकटा असतो, आणि त्याला कारण बहुतेकदा पाण्यात पिळलेली शाम्पूची पुडी. डिशवॉशरची वडी इथे पहिल्या पसंतीची. मोटर तिच्या रबरी बुचातून ओढून काढा, बुचाच्या तोंडाशी लहानशी जाळी असते, फवारा कमी येण्याचं मूळ निम्म्या वेळा तिथेच सापडतं. काचेवरच्या जेटला क्षार धरला असेल तर टाचणी खुपसू नका, भोक मोठं होऊन फवारा छतावरून जातो. लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवलेला कापूस अर्धा तास ठेवा.

ब्रेकची टाकी या सगळ्यातून पूर्ण वगळायची. आपल्याकडे तिला सर्रास 'ब्रेक ऑइलची' टाकी म्हणतात आणि त्या शब्दानेच घोळ होतो. डॉट ३, डॉट ४ हे तेल नाही, ग्लायकॉलच्या कुळातला द्रव आहे. त्यात पाणी गेलं तर उकळबिंदू खाली येतो. पेट्रोल, केरोसीन किंवा इंजिन ऑइलचा थेंब गेला तर मास्टर सिलिंडरची रबरं फुगतात. आतला काळा राप ताज्या ब्रेक फ्लुइडनेच काढायचा: २० मिलीच्या सिरिंजने जुनं उपसा, पण खालच्या तोटीची भोकं उघडी पडू देऊ नका, हवा शिरली की ब्लीडिंग, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतून हवा काढणं, आलंच. धागे न सुटणारं कापड ताज्या फ्लुइडमध्ये भिजवून भिंती पुसा, पुन्हा भरा. रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसलात तर रंग निघून येईल. पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतली जाळी बहुधा तळाशी चिकटवलेली असते आणि एकदा गाळाने भरली की धुऊन मोकळी होत नाही. आख्खी टाकी बदलणं स्वस्त पडतं.

बाटली परत बसवताना झाकणाचं रबर बघा. कडक झालं असेल किंवा त्यावर गंजाचं कडं उमटलं असेल तर झाकण नवं घ्या. कूलंट घट्ट (कॉन्सन्ट्रेट) असेल तर डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं, तयार (प्रीमिक्स) असेल तर पाणी न घालता. एअर स्क्रू असल्यास हवा काढा, हीटर गरमवर ठेवून पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालवा, थंड झाल्यावर पातळी बघा. आठवड्याभरात पाणी पुन्हा विटकरी दिसू लागलं तर गंज ब्लॉकमध्ये आहे. आता पूर्ण सिस्टिम फ्लश करा, बाटली तोपर्यंत तशीच राहू द्या.