अंकी आणि स्पॅनिश भविष्यकाळातील बारा क्रियापदे

स्पॅनिशमधला भविष्यकाळ सोपा आहे. मूळ क्रियापद तसेच ठेवून त्याला प्रत्यय जोडला की काम होते: ‘आब्लार’ म्हणजे बोलणे, ‘आब्लारे’ म्हणजे मी बोलेन. अडचण येते ती बारा अनियमित क्रियापदांपाशी, आणि त्यांच्याच सरावासाठी मी गेले चार महिने ‘अंकी’ हा कार्डांचा प्रोग्राम वापरत आहे. संगणकावर आणि अँड्रॉइडवर तो विनामूल्य मिळतो; आयफोनसाठी मात्र ॲप विकत घ्यावे लागते.

चुकलेले कार्ड लगेच पुन्हा समोर येते आणि सहज आठवलेले काही दिवसांनी, मग काही आठवड्यांनी येते. ‘काबेर’ म्हणजे मावणे, हे क्रियापद बोलण्यात क्वचितच येते आणि म्हणूनच विसरले जाते. अशा शब्दांसाठी ही पद्धत फार उपयोगी आहे.

सुरुवातीला मी कुणीतरी तयार करून ठेवलेला संच उतरवून घेतला. बारा क्रियापदांची प्रत्येकी सहा रूपे, म्हणजे बहात्तर सुटी कार्डे, आणि एकही वाक्य नाही. तीन आठवड्यांनी कार्डांची उत्तरे बिनचूक येऊ लागली, पण बोलताना तोंडातून ‘तेन्द्रे’ऐवजी ‘तेनेरे’च निघे.

मग मी स्वतःची कार्डे केली. ‘पोदेर’, ‘साबेर’, ‘केरेर’, ‘आबेर’ आणि ‘काबेर’ यांतला शेवटचा स्वर गळतो. ‘तेनेर’, ‘पोनेर’, ‘वेनिर’, ‘सालिर’ आणि ‘वालेर’ यांत त्या स्वराच्या जागी ‘द’ येतो. ‘देसिर’ आणि ‘आसेर’ आक्रसून ‘दिर’ आणि ‘आर’ होतात. बदलते ते केवळ अंग. प्रत्यय कधीच बदलत नाहीत, कारण ते मुळात ‘आबेर’ या साहाय्यक क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे असून पुढे मुख्य क्रियापदाला चिकटून गेले. त्यामुळे प्रत्येक क्रियापदाचे एकच रूप, तेही वाक्यात, पुरेसे ठरले: ‘मान्याना तेन्द्रे के सालिर’, उद्या मला बाहेर जावे लागेल.

कार्डाला ध्वनिमुद्रण जोडता येते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते. ‘केरिआ’ म्हणजे इच्छा होती आणि ‘केर्रिआ’ म्हणजे इच्छा असती; फरक फक्त ‘र’ किती घोळवला एवढाच आहे, आणि संकेतार्थालाही भविष्यकाळाचेच अंग लागत असल्याने तो कानाला कळणे भागच आहे.

त्या तयार संचात सर्व अर्थ इंग्रजीत होते, आणि तिथे मराठी माणसाचे खरे नुकसान होते. ‘सेरान लास त्रेस’ म्हणजे तीन वाजले असतील. ‘तेन्द्रा त्रेइन्ता आन्योस’ म्हणजे तिशीचा असेल. भविष्यकाळाने अंदाज सांगण्याची ही रीत आपल्या ‘असेल’मध्ये जशीच्या तशी आहे. मागच्या बाजूला मराठी वाक्य लिहिल्यावर ही कार्डे मला पुन्हा चुकली नाहीत.

‘मान्तेनेर’, ‘प्रोपोनेर’ यांसारखी साधित क्रियापदे मुळाप्रमाणेच चालतात, परंतु ‘बेन्देसिर’ आणि ‘माल्देसिर’ मात्र नियमित होऊन ‘बेन्देसिरे’, ‘माल्देसिरे’ अशी रूपे घेतात. त्या दोघांसाठी वेगळी कार्डे अवश्य करावीत. प्रोग्राम आपणहून रोज वीस नवी कार्डे दाखवतो. या विषयासाठी मी तो आकडा तीनवर आणला आहे.