टीसीपी की यूडीपी? काउंटरवरची ऑर्डर कढईपर्यंत पोचवताना

इंदूरचं छप्पन दुकान, रविवारची सकाळ, पोहे-जिलबीला उसळलेली गर्दी. काउंटरवरचा प्रोग्रॅम ऑर्डर घेतो, आत कढईशेजारच्या स्क्रीनवर दुसरा प्रोग्रॅम ती दाखवतो. मधे सॉकेट, म्हणजे दोन प्रोग्रॅमना बोलता यावं म्हणूनची जोडणी, टाकायचं, तर कुठलं? टीसीपी आणि यूडीपी या नेटवर्कवरून माहिती पाठवायच्या दोन पद्धती.

ऑर्डरींसाठी मी टीसीपीच घेईन. वाटेत हरवलेलं पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, ते आपणहून परत पाठवतं, क्रमही सांभाळतं. यूडीपी यातलं काहीच करत नाही; १९८० सालचा त्याचा मूळ तपशील जेमतेम तीन पानांचा आहे, त्यावरूनच ओळखा. हेडर, म्हणजे तुकड्याच्या सुरुवातीला जोडलेली माहिती, अवघा ८ बाइटांचा, टीसीपीचा किमान २०. फ्रीजरचं तापमान दर सेकंदाला कळवायचं असेल तर यूडीपी झकास. एक आकडा गेला तर गेला, पुढचा येतोच आहे.

मात्र एका बाबतीत यूडीपी सरस आहे. त्यावरून पाठवलेला संदेश अख्खा येतो, नाहीतर येतच नाही. टीसीपीच्या लेखी सगळी बाइटांची सलग धार. दोन ऑर्डरी चिकटून येतील, किंवा एकच ऑर्डर दोन तुकड्यांत. एकाच मशीनवर चाचणी घेताना हे सहसा दिसत नाही, ऐन गर्दीत दिसतं. म्हणून प्रत्येक संदेशाआधी ४ बाइटांत त्याची लांबी लिहायची आणि तेवढे बाइट जमेपर्यंत वाचत राहायचं. लांबी अक्षरांत मोजू नका: यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत लिहायच्या पद्धतीत ‘पोहे’ १२ बाइटांचे होतात, कारण प, ह आणि दोन्ही मात्रा प्रत्येकी ३ बाइट घेतात.

दोन्ही प्रोग्रॅम एकाच लिनक्स मशीनवर असतील तर युनिक्स डोमेन सॉकेट, म्हणजे एकाच मशीनपुरतं सॉकेट, बघा. पोर्टची, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्कवर मिळणाऱ्या क्रमांकाची, कटकटच नाही.

टीसीपी घेतलं म्हणून निर्धास्त मात्र होऊ नका. त्याची पोच म्हणजे पलीकडच्या ऑपरेटिंग सिस्टिमने बाइट घेतले, एवढंच. प्रोग्रॅमने ते वाचले की नाही, ते कळत नाही. आतल्या मशीनची वीज गेली आणि काउंटरकडून काही जात नसेल, तर त्याला पत्ताही लागत नाही. कीपअलाइव्ह, म्हणजे गप्प पडलेली जोडणी जिवंत आहे का ते विचारणं, लिनक्सवर मुळात बंद असतं. चालू केलं तरी पहिली विचारपूस दोन तासांनी. तेव्हा ऑर्डरला क्रमांक द्या आणि आतल्या प्रोग्रॅमकडून त्या क्रमांकाची पोच मागा. ती आली नाही तर तीच ऑर्डर परत पाठवा. तो क्रमांक आधीच आलेला असेल तर आतला प्रोग्रॅम नुसती पोच देईल, दुसरी प्लेट लावायला सांगणार नाही.